आमची वाटचाल : सागवानी प्लिंथ आणि पेशंटची वही

आमच्या लालबागच्या फिजिओथेरपीच्या गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला सागवानी प्लिंथ, म्हणजे पेशंटला झोपवून व्यायाम द्यायचं टेबल, दिसतं. १९९९ साली चाळीतल्या सुतारमामांनी ते करून दिलं. माप माझं होतं : मी सरळ उभी राहिले की फळी माझ्या मुठीला लागली पाहिजे, इंचभरही खाली नको. प्लिंथ बुटकं असलं की पेशंटची कंबर सुटते आणि आपली धरते. मामांनी दोनदा पाय कापले, तिसऱ्यांदा बरोबर जमलं. आजही ते करकरत नाही.

शेजारी वॅक्स बाथ म्हणजे गरम मेणाचं भांडं, भिंतीला खांदा फिरवायचं शोल्डर व्हील, दाराच्या चौकटीला पुली, हप्त्यावर घेतलेली आय.एफ.टी. आणि अल्ट्रासाउंड ही दुखण्यावरची करंटची आणि ध्वनिलहरींची मशिनं, आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात सांध्याचे अंश मोजायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा गोनिओमीटर. एवढ्या सामानावर आम्ही दोघींनी क्लिनिक उघडलं. दुसरी म्हणजे केईएम हॉस्पिटलमधली माझी वर्गमैत्रीण. अर्धे पैसे तिचे, अर्धे माझे. माझ्या अर्ध्यात आईच्या पाटल्या होत्या. भारतातली फिजिओथेरपीची पहिली शाळा १९५३ साली केईएममध्येच सुरू झाली, पोलिओच्या साथीमागोमाग. आपण तिथे शिकलो याचा दोघींनाही फार अभिमान होता.

तिसरी गोष्ट म्हणजे वही. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. प्रत्येक पेशंटला एक पान. पहिल्या दिवशी सांधा किती अंश हलतो ते लिहायचं आणि दर आठवड्याला पुन्हा मोजायचं. पेशंट म्हणतो, 'काही फरक नाही हो', तेव्हा पान उघडून दाखवायचं. गुडघा ६० वरून ९५ वर आला आहे हे आकड्यात दिसलं की माणूस दुसऱ्या दिवशी वेळेवर येतो.

सुरुवातीला सगळे 'शेक घ्यायला' यायचे. आम्ही शेक द्यायचो आणि त्यानंतर व्यायाम करून घेतल्याशिवाय सोडायचो नाही. शेकाने स्नायू सैल होतो, दुखणं तासाभरापुरतं हटतं. त्या तासात सांधा हलवला तर उपयोग, नाहीतर घरची गरम पाण्याची पिशवी काय वाईट आहे?

तेव्हा गिरणी संपाला सतरा वर्षं झाली होती. गाळ्यासमोरच्या बाकावर बसणाऱ्या आजोबांच्या छातीत अजून कापसाची धूळ होती. ते सांगायचे, सुट्टीनंतर सोमवारी पाळीवर गेलं की छाती आवळायची, आठवडाभरात सैल व्हायची. त्यांना आम्ही श्वास शिकवला. नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करून सोडायचा आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहायचं. दम लागला की कोपरं गुडघ्यांवर टेकून पुढे झुकून बसायचं. फुप्फुसं नवी होत नाहीत, पण दुसऱ्या मजल्यावर जाताना तीनदा पायरीवर बसणारे एक आजोबा एकदाच थांबायला लागले. त्यांच्या बायकोने आम्हाला शिरा आणून दिला होता.

मधली वर्षं चांगली गेली. आम्ही हप्ते फेडले आणि हाताखाली दोन मुली घेतल्या.

२०१२ साली जवळच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी बोलावलं. त्यांची सांधा बदललेली बरीच माणसं आमच्याकडे यायची. चहा झाल्यावर ते म्हणाले, 'मॅडम, चाळीस टक्के.' मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उठले. माझी फी तेव्हा सिटिंगला दीडशे रुपये होती. त्यातले साठ त्यांना द्यायचे तर एकतर फी वाढवायची, नाहीतर पाच सिटिंगच्या जागी पंधरा करायची. कट प्रॅक्टिसचा, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला द्यायच्या कमिशनचा, पैसा शेवटी पेशंटच्याच खिशातून जातो, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

दोन महिन्यांत समोरच्या इमारतीत एसी क्लिनिक उघडलं. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'दहा सिटिंगमध्ये गुडघेदुखी कायमची बंद'. मी एकदा आत जाऊन पाहून आले. आठ कॉट, आठ मशिनं आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला एक पोरगा. तो पॅड चिकटवायचा, घड्याळ लावायचा, भोंगा वाजला की पॅड काढायचा. एकाही पेशंटच्या गुडघ्याला कुणी हात लावला नाही. महाराष्ट्रात तेव्हा आमच्या पेशासाठी कायद्याने परिषद होती, तिथली नोंदणी होती, आणि इथे करंट द्यायला नोंदणी नसलेला पोरगा! आजही त्या इमारतीवरून जाताना माझ्या पोटात तुटतं.

दिवसाला तीस पेशंट यायचे ते सहावर आले. हाताखालच्या दोघी गेल्या. त्यांचा राग नाही, त्यांची घरं चालायची होती. मग एका सोमवारी माझी भागीदार म्हणाली, 'मला समोरून विचारलंय.' मी काहीच बोलले नाही. जाताना ती वही घेऊन गेली. म्हणाली, झेरॉक्स काढून परत देते. तेरा वर्षांची पानं, नाव, फोन, अंश, सगळं त्यात होतं. पुढच्या आठवड्यात माझ्या जुन्या पेशंटना समोरून फोन जायला लागले.

आम्ही तरलो ते एका मावशींमुळे. त्या मार्केटात मासळी विकायच्या. २०११ साली आल्या तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डोक्यावरची पाटी उतरवायला दुसऱ्याला हाक मारावी लागायची. साखर होती. मधुमेहात खांदा असा आखडणं फार दिसतं. मोजलं : हात वर ८० अंश, बाहेरच्या बाजूला फिरवणं जेमतेम १०. फ्रोझन शोल्डरमध्ये बाहेर फिरवणंच सगळ्यात जास्त अडकतं, हे ज्याला माहीत नाही तो नुसता हात वर ओढत बसतो आणि पेशंटला रडवतो.

मी त्यांना प्लिंथवर आडवं केलं, कोपर काखेशी धरलं आणि मनगट सावकाश बाहेर नेऊ लागले. एका जागी खांदा अडला. तिथेच थांबले. दहा आकडे मोजले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण त्या म्हणाल्या, 'थांबू नको बाय, तुझं चालू दे.' घरी करायला भिंतीवर बोटांनी चढणं दिलं. त्यांनी ओट्यामागच्या भिंतीवर कोळशाने रोजची खूण करायला सुरुवात केली. पाच महिन्यांनी १६५ आणि ७०. पाटी स्वतः उतरवली आणि मला दाखवायला ती रिकामी पाटी घेऊन गाळ्यात आल्या.

वही गेली त्या महिन्यात हे त्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून मार्केट माझ्याकडे यायला लागलं. कुणाची कंबर, कुणाची टाच, एकीच्या नवऱ्याला अर्धांगवायू. त्यातल्या कुणालाच डॉक्टरची चिठ्ठी लागत नव्हती. मावशी म्हणाल्या म्हणून आले.

इथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. अर्धांगवायूचा पेशंट घरी आला की 'आधी ताकद येऊ द्या, मग बघू' असं म्हणू नका. मेंदू नव्या वाटा शोधतो तो सरावाने, आणि पहिले महिने सर्वात मोलाचे असतात. त्या बाजूचा लुळा हात धरून माणसाला कधीही उठवू नका, खांदा निसटतो. गुडघा दुखत असेल तर जिना चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा आधी. तोंड वाकडं झालं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि न मिटणारा डोळा जपा. आणि नव्याने क्लिनिक काढणाऱ्या मुलामुलींनो, पहिले पैसे मशिनात घालू नका. प्लिंथ चांगलं करून घ्या आणि हाताला सांधा कळेपर्यंत सिनियरच्या बाजूला उभे राहा.

समोरचं क्लिनिक चार वर्षं चाललं. टाळेबंदीचे महिने मी फोनवर व्यायाम सांगत काढले. आता भाची माझ्याबरोबर आहे, तीही फिजिओच आहे, आणि नवी वही तिच्या अक्षरात आहे. मावशी थकल्या, मार्केटात सून बसते. गुरुवारी येतात, वॅक्समध्ये बोटं बुडवतात आणि जाताना कागदात बांधलेले सुके बोंबील माझ्या टेबलावर ठेवतात.

भागीदार गेल्या ८ सप्टेंबरला फिजिओथेरपी दिनाच्या कार्यक्रमात भेटली. तब्येतीची चौकशी झाली, मुलांची झाली. वहीचं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. त्यातलं मावशींचं पान मला पाठ आहे. बाकीची पानं मला अजून हवी आहेत.