परसातला दूधसागर: पूल झाला, पाणी चालू झालं, आता हरळीशी मारामारी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नाही कारण अख्खा उन्हाळा सिमेंट, खडी आणि क्युरिंग यातच गेला आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या पुलाबद्दल लिहिणार तरी काय. आता पाऊस सुरू झालाय, परसातल्या माझ्या मॉडेल रेल्वेचा धबधबा चालू झालाय, गाडी पुलावरून जातेय, त्यामुळे एकदाचं सगळं सांगून टाकतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. आम्ही मिरजेचे, घरामागं साधारण ११ बाय ६ मीटरचा परस आहे, त्यात ४५ मिमी गेजची (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) मॉडेल लाइन, स्केल १:२२.५, म्हणजे सगळं खऱ्याच्या साडेबावीसपट लहान. हे स्केल का, तर मीटर गेजचे १००० मिमी भागिले २२.५ केले की ४४.४ येतात, म्हणजे ४५ च्या रुळावर मीटर गेज जवळपास तंतोतंत बसतं. आणि मीटर गेजच का, तर मिरजेत वाढलेल्या माणसाला हे विचारू नये. पुण्या-मुंबईकडून आलेले लोक इथं गाडी बदलून मीटर गेजनं लोंढा, कॅसलरॉक करत गोव्यात उतरायचे, आमचे अण्णा इथल्या लोको शेडला होते, त्यामुळे घाटाच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेनं १८८८ मध्ये ती लाइन चालू केली, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं, आणि मी करतोय तो त्याच्या आधीचा ब्रागांझा घाट, म्हणजे दूधसागरचा पूल, एक बोगदा आणि खाली कुळे स्टेशनचा नुसता भास.

आता दूधसागर ३१० मीटर. स्केलनं १३ मीटर ८० सेंटीमीटर झाला, म्हणजे शेजाऱ्यांच्या टाकीवरून पाणी सोडावं लागलं असतं. म्हणून फक्त पुलाच्या आसपासचा भाग घेतलाय. पुलावरचे रूळ खालच्या तळ्यापासून ६५ सेंमीवर आणि पुलामागचा कडा त्याच्या वर अजून १ मीटर १०. चढ मात्र खरा ठेवलाय, १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. घाटात ३७ आहे तर आपणही ३७ च करायचा हा हट्ट होता, आणि गार्डन रेल्वेत अडीच-तीन टक्क्यांच्या वर जाऊ नये म्हणतात तर हा २.७ टक्के येतो, म्हणजे हट्टही पुरा आणि इंजिनही खूश. ११ मीटरात ३० सेंमी चढायचं, पूल ओलांडायचा, मग पलीकडून तेवढंच उतरायचं, एकूण लूप २७ मीटरचा.

पाया. आमच्याकडची काळी माती काय चीज आहे ते सांगली-मिरजेकडच्यांना सांगायला नको, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगून वर. परदेशी व्हिडिओत लोक सरळ चर खणून त्यात खडी टाकून ट्रॅक ठेवतात, ते इथं चालतच नाही, एका पावसाळ्यात लेव्हल गेली म्हणून समजा. मी दोन फूट माती काढून टाकली, मुरूम भरला, थराथरानं पाणी मारून धुम्मसानं ठोकला, आणि मुरमात दर ६० सेंमीला ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप उभा करून त्यात काँक्रीट ओतलं. त्या खांबांवर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची शिडी, शिडीवर जाळी, त्यावर खडी, आणि खडीत ट्रॅक नुसता ठेवलेला, कुठंही स्क्रूनं जखडलेला नाही. जखडायचा नाही कारण रूळ अॅल्युमिनियमचे आहेत, आणि १५ डिग्रीची पहाट ते उन्हात तापलेला ६० डिग्रीचा रूळ एवढा फरक धरला तर दहा मीटरला सेंटीमीटरभर लांबी वाढते. ती कुठंतरी जायलाच पाहिजे. जोडाजोडाला गॅप ठेवल्यात आणि कर्व्हवर ट्रॅक खडीत थोडा बाहेर सरकतो, संध्याकाळी परत येतो, मे महिन्यात हे डोळ्यांनी दिसतं.

खडी क्रशरवरून आणली, कचातून चाळून ३ ते ६ मिमीची. गोल वाळू अजिबात घेऊ नका, टोकदार तुकडे एकमेकांत अडकून बसतात म्हणून ट्रॅक धरून राहतो, खऱ्या रेल्वेची खडी फोडलेली असते तीही त्याचसाठी.

अॅल्युमिनियम चाललं कारण रुळातून करंट द्यायचाच नाहीये. इंजिनात १८६५० नावाच्या तीन लिथियम सेलचा पॅक, ११.१ व्होल्ट, आणि वायफायचा छोटा बोर्ड, मोबाइलवरून चालवायचं. पावसाळ्यात रुळावर चिखल, पानं, गोगलगायी, सगळं असतं, रोज कोण रूळ पुसत बसणार. पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये लहानपणी पाहिलेलं ते सगळं छपराखालचं राज्य, तिथं हे प्रश्नच नाहीत, बागेत मात्र बॅटरीच, माझं तरी ठाम मत.

पूल. दगडी कमानींचा आणि वळणावरचा. कमानीसाठी ८ इंची पीव्हीसी पाइप उभा अर्धा चिरून त्याचंच सेंट्रिंग केलं, आत वेल्डमेश, बारीक ग्रिट घालून काँक्रीट. साचा दुसऱ्या दिवशी काढला आणि काँक्रीट अजून कोवळं असतानाच खिळ्यानं दगडाच्या रेघा कोरल्या. ही वेळ साधणं हीच सगळी कला आहे, लवकर कोराल तर कडा ढासळतात, उशीर केलात तर खिळा नुसता घासतो. रंग लावलेला नाही, सिमेंटच्या घोळात काळा ऑक्साइड घालून ब्रशनं फासलाय, पाऊस लागला की आपोआप जुना दिसतो. प्रत्येक खांबामागं अर्ध्या इंची नळीचं वीप होल, म्हणजे पाणी निघून जायचं भोक, नाहीतर मागचं पाणी अडून पूल ढकलला जाईल.

डब्यांचं गणित सांगतो कारण यात पुष्कळ जण अडकतात. मीटर गेजचा डबा साडेएकोणीस मीटर, स्केलनं ८७ सेंमी! माझा कर्व्ह १.८ मीटर रेडियसचा, डब्याखालच्या दोन बोगींमधलं (चाकांच्या गाड्यांमधलं) अंतर ५८ सेंमी, त्यामुळे वळणावर डब्याचं पोट आत आणि टोकं बाहेर, दोन्हीकडं अडीच-तीन सेंटीमीटर. बोगद्याचं तोंड आणि पुलाचे कठडे त्या हिशोबानं रुंद घेतलेत. अण्णांना ते खटकतं, "अरे बोगदा एवढा ऐसपैस नव्हता रे, खिडकीतून हात काढला तर सोलून निघायचा." बरोबर आहे त्यांचं. पण मला डबा सोलायचा नाहीये.

आता पाणी, ज्याच्यात खरा जीव गेला.

रूळ, डबा, पूल, माणसं सगळं २२.५ नं लहान करता येतं पण पाणी लहान होत नाही. थेंब तेवढाच राहतो. वरून पाणी सोडलं की ते गुळगुळीत काचेसारखं खाली येतं आणि पुलाशेजारी ते दूधसागर न दिसता पालिकेचा फुटलेला नळ दिसतो. बऱ्याच जणांचं उत्तर असतं मोठा पंप लावा. उलट आहे. दूधसागर पांढरा दिसतो तो पाणी कातळावर आपटून फुटतं, त्यात हवा मिसळते म्हणून. म्हणजे पाणी कमी आणि खडबडीतपणा जास्त. कड्याच्या सिमेंटमध्ये बेसॉल्टच्या टोकदार कपच्या उभ्या-आडव्या खोचल्यात, एकही सलग उतार नाही, दर चार-पाच सेंमीला पाणी कशावर तरी आपटतं. ते आधी सिमेंट न लावता नुसत्या कपच्या रचून, पाणी सोडून, बघून, परत रचून केलं आणि मनासारखं फुटायला लागल्यावरच सिमेंट भरलं. हे असंच करा. कागदावर धबधबा डिझाइन होत नाही.

पंपाचं: खोक्यावर लिहिलेला लिटरचा आकडा हा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळणारा असतो. माझा ताशी ६००० लिटरचा, मॅक्सिमम हेड (पाणी चढवायची कमाल उंची) ४ मीटरचा, पण पावणेदोन मीटर चढवून वर पाइपातलं घर्षण धरलं की निम्म्याच्या आसपास येतो, आणि ३५ सेंमी रुंद धारेला तेवढा भरपूर होतो, व्हॉल्व्ह थोडा बंदच ठेवावा लागतो. कूलरचा पंप इथं चालणार नाही, त्याला एवढी उंचीच झेपत नाही. सगळं ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवर (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) घेतलंय, पाणी आणि वीज शेजारी शेजारी असताना तिथं पैसे वाचवू नका.

तळ्याला खास पॉन्ड लायनर मागवायची गरज नाही, तासगाव रोडला कुठल्याही दुकानात शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद मिळतो, द्राक्षवाल्यांमुळे आपल्याकडं ही चैन आहे. खाली जुनी सतरंजी, वर कागद, कडा दगडाखाली दाबल्या, साधारण आठशे लिटरचं तळं. एक लक्षात ठेवा, पंप बंद केला की कड्यावरचं आणि वरच्या डबक्यातलं सगळं पाणी खाली येतं, तेव्हा तळं काठोकाठ भरून ठेवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची. ओव्हरफ्लोचा पाइप सरळ नारळाच्या आळ्यात सोडलाय.

आमच्या बोअरचं पाणी जड. ते फिरवलं तर काळ्या कपच्यांवर पांढरे क्षार धरतात आणि धबधबा बंद असतानाही चालू असल्यासारखा दिसतो, विनोद म्हणून ठीक आहे. म्हणून गच्चीचं पावसाचं पाणी टाकीत साठवतोय, उन्हाळ्यात तळ्यातून रोज साधारण सेंटीमीटरभर पाणी नुसतं उडून जातं, त्याच्या भरतीला तेच वापरायचं. डासांसाठी आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडलेत, छान रमलेत. बेडूक न बोलावता आलेत. कावळे रोज दुपारी पुलावर बसून अंघोळ करतात, १:२२.५ मध्ये तो कावळा दहा मीटरचा होतो आणि फोटोत गाडीपेक्षा तोच दिसतो.

व्हिडिओवाल्यांसाठी एक मजेशीर गोष्ट. मॉडेलमधलं पाणी नेहमी घाईघाईनं पडल्यासारखं वाटतं, कारण गुरुत्वाकर्षण काही स्केल होत नाही. उपाय म्हणजे स्लो मोशन, आणि किती तर स्केलच्या वर्गमुळाइतका, २२.५ चं वर्गमूळ पावणेपाचच्या जवळ. मोबाइलवर १२० फ्रेमनं शूट करून २५ नं दाखवलं की धबधबा एकदम भारदस्त दिसायला लागतो, पोटात गलबलतं बघून. पण गाडीचं काय? ताशी ३० किमी म्हणजे आपल्या रुळावर सेकंदाला ३७ सेंमी, ती त्याच व्हिडिओत पावणेपाचपट हळू होऊन मुंगीच्या चालीनं जाते. तिला पावणेपाचपट पळवायची म्हटलं तर सेकंदाला पावणेदोन मीटर, त्या वेगानं १.८ च्या कर्व्हवर ती थेट गप्पी माशांत. सध्या इंजिन दुपटीनं पळवतो आणि व्हिडिओ अडीचपट हळू करतो, पाणीही बरं दिसतं आणि गाडीही. याहून चांगली युक्ती असेल तर जरूर सांगा.

झाडं. घाट म्हटलं की हिरवं पाहिजेच, पण पान लहान हवं, नाहीतर गाडीशेजारी केळीएवढं पान लोंबतं. मोठ्या झाडांसाठी जेड आणि कुंती, दोन्ही छाटून छाटून वळवता येतात. कड्याच्या ओलीवर पायलिया, ही भिंतीच्या भेगांतून आणि कुंड्यांच्या बुडाशी पावसाळ्यात फुकट उगवते, नर्सरीत पैसे देऊ नका, बारीक पानांची ही झुडपं या स्केलला इतकी चपखल बसतात की जवळून फोटो काढला तर जंगलच. शेवाळ जुन्या विहिरीच्या कठड्यावरून खरवडून आणून ओल्या सिमेंटवर दाबलं, तुषार लागतो तिथं धरलं, बाकीचं वाळून गेलं. दगडाला ताक फासा म्हणजे शेवाळ येतं असं सगळे सांगतात, आमच्याकडं बुरशी आली आणि मांजर चाटून गेलं.

आणि हरळी! मुरूम, जाळी, खडी सगळं भेदून ती स्लीपरमधून वर येते, औषध मारायचं तर खाली तळ्यात मासे, म्हणून रोज सकाळी चहा घेऊन ट्रॅकशेजारी बसायचं आणि चिमट्यानं उपटायची. बायको म्हणते समोरच्या बागेतली पण काढा की तेवढीच.

राहिलेलं काम म्हणजे धुकं. पावसाळ्यात त्या घाटात ढग खाली उतरतात, त्याशिवाय ते पूर्ण वाटणार नाही. ठिबकवाल्यांकडचे फॉगर लावून बघितले, तीन-चार किलो प्रेशर मागतात, ते आरओच्या २४ व्होल्टच्या बूस्टर पंपावर मिळतं, पण थेंब मोठा पडतो, पुलावर धुकं न येता भुरभुर पाऊस येतो आणि डब्याची छतं ओली. छतं सनबोर्डची (प्लॅस्टिकच्या फोम शीटची) आहेत त्यामुळे बिघडत काही नाही. आता ०.२ मिमीचं पितळी मिस्ट नोझल आणि आधी बारीक फिल्टर लावून बघणार आहे. दुसरं म्हणजे मागून ढकलणारं बँकर इंजिन, अण्णा रोज विचारतात. त्याची बॉडी थ्रीडी प्रिंटरवर एएसए प्लॅस्टिकमध्ये काढतोय, प्रिंटरचं नेहमीचं पीएलए प्लॅस्टिक आपल्या मे महिन्यात ६० डिग्रीला मऊ पडतं त्यामुळे बागेत नकोच. दोन इंजिनं एका मोबाइलवरून एकाच वेगानं चालवायची तर पुढचं ओढतं आणि मागचं ढकलतं यात मधला डबा वळणावर उचलला जातो, तेव्हा मागच्याला दहा टक्के कमी पॉवर द्यायचा विचार आहे. कुणी दोन इंजिनं लावून १ ला ३७ वर चालवली असतील तर तुमचा आकडा सांगा, आणि ०.२ चं नोझल जड पाण्यात किती टिकतं तेही.