दिपाजी राणे, मुक्काम काँगल्टन

आमच्या म्हापशाच्या घरात बैठकीच्या दारावर, दत्तगुरूंच्या तसबिरीच्या बाजूला एक मुंडकं टांगलेलं आहे. मुंडकं म्हटलेलं बाबांना खपत नाही. ते त्याला मुखवटा म्हणतात, आणि तो दिपाजी राण्यांचा आहे असं आम्हां भावंडांना कळायला लागल्यापासून सांगत आले आहेत. डोक्याला घट्ट गुंडाळलेला फेटा, उन्हाने रापलेला चेहरा, दाढी, कपाळावर तटतटलेली शीर, आणि समोरचा आत्ताच काहीतरी खोटं बोलला असावा अशी रोखलेली नजर. १८५२ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात नाणूसच्या किल्ल्यावरून पोर्तुगिजांची झोप उडवणारा माणूस असाच दिसणार, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. चौथीत मी निबंधात लिहिलंही होतं, ‘दिपाजींना दाढी होती.’ बाईंनी खाली लाल रेघ मारून विचारलं, कशावरून? मी म्हटलं, आमच्या घरी आहेत.

दर दसऱ्याला दत्तगुरूंना हार आणि दिपाजींना एक फूल, असा शिरस्ता. झेंडूला आमच्याकडे रोजां म्हणतात. रोजांचं एक फूल फेट्याच्या घडीत खोचायचं, की झाली पूजा.

गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली. दिपाजींच्या कानामागचा रंग फुगला, आणि नाकाच्या शेंड्यावरचा एक टवका उडून आतलं पांढरंफेक दिसायला लागलं. मी उत्साहाने ओलं फडकं घेऊन पुसायला बसलो. फडक्यावर तपकिरी रंग उतरला आणि मागोमाग पिठासारखं काहीतरी. तिथे थांबलो हे नशीब. हे प्लास्टर आहे आणि प्लास्टरला पाणी दाखवायचं नसतं, हे मला त्यानंतर कळलं. जिप्समचा दगड साधारण दीडशे अंशांवर भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं. उरते त्या भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती हातात गरम होत होत घट्ट होते, म्हणजे परत दगडच होते. पण हा दगड कच्च्या मनाचा. पाण्यात थोडाथोडा विरघळतो, लिटरला दोनेक ग्रॅम. गोव्याच्या पावसापुढे दोन ग्रॅमचा हिशोब कोण ठेवणार!

वाळायला म्हणून मुंडकं पडवीत ठेवलं, तर शेजारची आंटी कुंपणावरून डोकावली. तिने पाहिलं मात्र, कपाळ-छाती-खांद्यांवर खूण केली आणि म्हणाली, “हो तर तीन राजांतलो एक!” आता आमच्या बार्देश तालुक्यातच रेइश मागुश, म्हणजे तीन राजांच्या नावाचं चर्च, असल्यामुळे, बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे हा इथे घरगुती विषय. ६ जानेवारीला तिथे पोरांना राजे करून मिरवतात. आंटीचं म्हणणं, हा मूळचा कुठल्यातरी चर्चमधल्या गोठ्याच्या देखाव्यातला, पोर्तुगालहून आलेला, आणि बाकीचे दोघे हरवलेत. मी म्हटलं, आंटी, ह्याला धड नाही. “पडून गेलें आसतलें,” ती म्हणाली. बाबा आतून खाकरले.

एवढ्यावर मिटलं असतं. पण निबंधाखालची ती लाल रेघ माझ्या डोक्यात अजून होती. मी मुंडकं जुन्या साडीत गुंडाळून माशेलजवळच्या एका चित्रशाळेत नेलं. गणपती करायच्या जागेला आपल्याकडे शाळा म्हणतात ते उगीच नाही, तिथे गेलं की दोन गोष्टी कळतातच. चवथ संपून महिना झाला होता, पाट रिकामे होते, कोपऱ्यात चिकणमाती ओल्या गोणपाटाखाली झोपली होती. म्हातारे मूर्तिकार प्लास्टरचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. प्लास्टरच्या गणपतीला गोव्यात बंदी आली तेव्हा सर्वांत जास्त आनंद झालेला माणूस हा. तरी हाताची सवय जाते कुठे! त्यांनी फडकं बाजूला केलं, चेहऱ्याकडे पाहिलंही नाही, सरळ उलटा केला.

माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत ह्या माणसाची पाठ आम्ही कुणी पाहिलीच नव्हती.

पाठ सपाट होती. वर तारेची कडी, ठोकलेली नव्हे, प्लास्टर ओलं असतानाच बसवलेली. म्हणजे देखाव्यातून तुटलेला नाही, जन्मापासून भिंतीसाठीच केलेला. आंटीचं धड तिथेच गेलं. मग त्यांनी नखाने वाजवलं. चिनी मातीचं भांडं खणकतं, हे ठप्प बोललं. नाकपुड्यांत आणि फेट्याच्या घड्यांखाली करंगळी फिरवून ते म्हणाले, “कडक साच्यांतल्यान हें भायर येवचें ना. रबर आसतलें.” हे मला उलगडून सांगायला त्यांना एक चहा लागला. दोन भागांच्या कडक साच्यातून चेहरा काढायचा तर त्याला आत वळणाऱ्या खाचा चालत नाहीत, अडकतो. आमच्या दिपाजींच्या नाकपुड्या खोल, पापणीखाली सावली पडेल इतकी खाच, आणि जोडाची रेघ कुठेच नाही. रबराचा साचा मोज्यासारखा सोलून काढता येतो, तेव्हाच असं जमतं. रंग मात्र हाताने दिलेला. डोळ्यातला पांढरा ठिपका एका झटक्यात टेकवलाय, असं म्हणताना त्यांच्या आवाजात पहिल्यांदा आदर आला.

“आनी हांगा बरयलां,” म्हणून त्यांनी मानेखालच्या कडेवर बोट ठेवलं.

कधीतरी कुणीतरी, बहुधा आजोबांनीच, दाराला ऑइलपेंट देताना उरलेला हात मुंडक्याच्या पाठीवरूनही फिरवला होता. त्या हिरव्या रंगाखाली अक्षरं बुजली होती. घरी येऊन मी सुक्या ब्रशने आणि बांबूच्या काडीने दोन संध्याकाळी ती उकरली. इंग्रजी, कोरलेली. पहिल्यांदा ‘इंग्लंड’ निघालं. मग ‘काँगल्टन’. मग ‘बॉसन्स’. आणि गळ्याच्या कडेला, अगदी बारीक, ‘पर्शियन’.

तर आमचे दिपाजी म्हणजे इराणी गृहस्थ निघाले, आणि तेही इंग्लंडच्या चेशायर परगण्यात ओतलेले. बॉसन्सचा कारखाना काँगल्टन गावात १९४६ साली सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. भिंतीवर टांगायची ही डोकी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनची. कुर्द, तिबेटी, गारुडी, खलाशी, असे जगभरचे चेहरे त्यांनी केले. जमवणाऱ्यांची पहिली तपासणी हीच, पाठीवर आणि मानेवर कोरलेली अक्षरं बघायची. आम्ही नेमकी तीच रंगवून ठेवली होती.

काँगल्टन मला त्या दिवसापासून आवडू लागलं आहे. १६२० च्या दशकात तिथल्या लोकांनी नवीन बायबलासाठी पैसे जमवले होते म्हणे. तेवढ्यात जत्रेच्या तोंडावर गावचं खेळाचं अस्वल मेलं. गावाने बायबलाचे पैसे अस्वलात घातले. अशी दंतकथा आहे, पण गाव आजही अस्वलाचं गाव म्हणून मिरवतं. जत्रा आणि देवाचा पैसा यांचा असा हिशोब म्हापशाला समजावून सांगावा लागत नाही.

आता ही वार्ता बाबांना कशी सांगायची? मी आडून सुरुवात केली. म्हटलं, आत्याच्या लग्नाच्या १९६८ च्या फोटोत हा दारावर दिसतो, म्हणजे तो १९५० च्या अखेरीपासून १९६८ पर्यंत कधीतरी घरात आला. बाबांनी ते लगेच उचललं. “म्हणजे ६१ च्या आधीचाही असू शकतो!” मग नाकेबंदीच्या गोष्टी सुरू झाल्या. १९५५ पासून भारताने पोर्तुगिजांच्या गोव्याची वाट अडवली, तर इथे हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा बोटीने यायचा. बटाटे येत होते तर एक मुंडकं का नाही येणार? किंवा गावातल्या कुणा तारवट्याने, म्हणजे खलाशाने, आणलं असेल, इंग्रजी बोटींवर आपली माणसं कमी होती का? आंटीच्या घरातही दोघे तारवटी. मी शेवटी सांगून टाकलं. बाबा, गळ्यावर पर्शियन लिहिलंय.

बाबांनी चष्मा लावला. अक्षरं वाचली. मुंडकं सुलटं करून त्या रोखलेल्या नजरेकडे जरा वेळ पाहिलं.

“राण्यांचं नाव घालून पोर्तुगिजांच्या नाकासमोर विकता आलं असतं का त्याला?” ते म्हणाले.

ह्यावर काय बोलणार! पणजीच्या बंदरात उतरायचं म्हणून चेशायरच्या कारागिराने दिपाजींना इराणी नाव दिलं, हा सिद्धांत आमच्या घरात आता कायम आहे. आंटीला मी खरं सांगितलं, तर तिला उलट आनंदच झाला. राजे पूर्वेकडून आले होते ना, मग पर्शियनच असणार. तिच्या बाजूने बघितलं तर तिचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त सिद्ध झालं होतं.

नाक मी तसंच ठेवलं आहे. भिंत मात्र बदलली. ओलीची बाजू सोडून आता तो आतल्या, देवघराकडच्या भिंतीवर असतो. तिथे खिळा जरा उंच बसला. ह्या दसऱ्याला स्टुलावर चढून मी फूल खोचत होतो, तर खालून बाबांचा आवाज आला, “उजवीकडे खोच, फोटोत उजवीकडे आहे.”