विंडोज ११ वर जायचं का? आधी टीपीएम बघा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पीसी चालतच राहील, पण ईएसयूमध्ये (मुदतीनंतरही सुरक्षेचे पॅच देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या योजनेत) नाव नोंदवलं नसेल तर सुरक्षेचे पॅच थांबले. नेटबँकिंग करत असाल तर हे अंगावर काढू नका.

विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो. टीपीएम म्हणजे पीसीतल्या सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय. तो आहे का बघायला विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून टीपीएम डॉट एमएससी चालवा. स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं की निम्मं काम झालं. टीपीएम सापडला नाही तरी लगेच नवा पीसी घेऊ नका. असेंबल केलेल्या मशीनमध्ये तो बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसता बंद असतो. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधून चालू करा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर पुढच्या बूटला मशीन तीच मागत बसेल.

डीटीपीवाल्यांनो, तुम्ही मात्र थांबा. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, त्यामुळे जुन्या डोंगलचा (सॉफ्टवेअर चालावं म्हणून पीसीला लावायच्या किल्लीचा) ३२ बिट ड्रायव्हर त्यावर चालणार नाही. ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, हे विक्रेत्याला आधी विचारा.

अपग्रेडनंतर परत फिरायला १० दिवस मिळतात. तोवर विंडोज डॉट ओल्ड फोल्डर उडवू नका, जुनं विंडोज त्यातच असतं.