गाडीचा खर्च कुणाच्या अंगावर? आमच्या गॅरेजची वाटचाल

जालन्यात गॅरेज सुरू झालं तेव्हा हा प्रश्न फारसा निघतच नव्हता. जीप, ट्रॅक्स, डिझेलच्या जुन्या गाड्या यायच्या. मालक नाहीतर ड्रायव्हर दिवसभर गॅरेजातच बसून असायचा. उस्ताद चिठ्ठी लिहून द्यायचे, पार्ट तो स्वतः बाजारातून आणायचा आणि आम्ही फक्त मजुरी घ्यायचो. क्लच प्लेट महिन्यात जळाली तर तो दुकानदाराशी भांडायचा, बोल्टाचे आटे गेले तर आमच्याशी.

इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या वाढल्या तसं हे मागं पडलं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर धुराच्या प्रदूषणाचं बीएस-४ मानक आलं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. सेन्सर वाढले, स्कॅनर घ्यावा लागला. कोणता पार्ट आणायचा हे चिठ्ठीवर भागेना. गिऱ्हाईक चावी ठेवून कामाला जाऊ लागलं, पार्ट आम्ही मागवू लागलो, आणि बिलाच्या वेळी "भाऊ, हे तुमच्याकडं आल्यावरच बिघडलं" हे ऐकू येऊ लागलं. आज आमचे जे नियम आहेत ते सगळे या एका वाक्यातून निघालेत.

पहिला नियम जॉब कार्डाचा. गाडी आत घेतानाच किलोमीटर, इंधनाचा काटा, बॅटरीचा नंबर, पेटलेले वॉर्निंग दिवे, काचा, एसी, हॉर्न, टेप, स्टेपनी, जॅक आणि पाना हे सगळं गिऱ्हाइकासमोर बघून लिहायचं. चारही बाजूंचे फोटो काढून लगेच व्हॉट्सॅपवर पाठवायचे. तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहायची: "चढावर दम खाते", "ब्रेक दाबला की डावीकडं ओढते". आपलं निदान तिथं घुसडायचं नाही. 'क्लच प्लेट गेली' असं लिहून घेतलं आणि खराबी सायलेन्सर तुंबल्याची निघाली, तर नव्या प्लेटचे पैसे मागायला तोंड राहत नाही.

झिजेचा खर्च मालकाचा, यात वाद नको. इंजिन ऑईल, फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, वायपरचे रबर, टायर, सस्पेन्शनचे बुश या वस्तू झिजण्यासाठीच असतात. नव्या गाडीची कंपनीची वॉरंटीही त्यांना नसते, एखाद्यात बनावटीचाच दोष निघाला तर गोष्ट वेगळी. फरक पडतो तो कधी बदलायच्या यात. पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं, पण त्याच पुस्तकात धुळीच्या रस्त्यांसाठी कमी अंतराचा वेगळा तक्ता असतो आणि तो कुणी वाचत नाही. अंबड, घनसावंगी, परतूरकडच्या कच्च्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर आम्ही दर ५,००० ला काढून बघतो. पॅडची जाडी ३ मिलिमीटरवर आली की बदल सुचवतो. गिऱ्हाईक नको म्हणालं तर कार्डावर 'सुचवले, नाकारले' असं लिहून सही घेतो. सही मागितल्यावर निम्मे लोक पॅड बदलूनच घेतात, हा वरकड फायदा.

आमच्या हाताचा खर्च आमचा, यातही वाद नको. पण हात आमचाच होता हे ठरवायचं कसं? इंजिनाखालच्या ऑईलच्या चेंबरचा, ऑईल काढायचा ड्रेन बोल्ट घ्या. चेंबर ॲल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडी. आधी कुणीतरी पान्याला पाईप लावून तो आवळलेला असतो. छोट्या गाड्यांना साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर (आवळायच्या जोराचं माप) पुरतात, लांब पाईपवर त्याच्या दुप्पट सहज बसतो. आटे तेव्हाच ताणले जातात आणि पुढच्या सर्व्हिसिंगला बोल्टाबरोबर बाहेर येतात. म्हणून पोरांना शिकवलंय: पहिला अर्धा फेरा झाला की थांबायचं. सुटलेला बोल्ट हातानं फिरायला हवा. जड जातोय, कुरकुरतोय, तर तिथंच फोटो आणि मालकाला फोन. आटे आधीचेच गेलेले निघाले तर इन्सर्ट, म्हणजे नवे आटे असलेली कडी, बसवण्याचं सामान मालकाचं आणि मजुरी आम्ही निम्मी लावतो. मागची सर्व्हिसिंग आमच्या बिलावर असेल तर मात्र सगळं आमच्याकडं, चेंबर नवा टाकावा लागला तरी. बसवताना वॉशर नवा, सुरुवात बोटांनी आणि शेवट टॉर्क पान्यानं. वॉशर वाचवून कुणी श्रीमंत झालेलं नाही.

खरा घोळ असतो तो पार्टच खराब निघाला तर. नवा क्लच सेट टाकला आणि तीन आठवड्यांत रिलीज बेअरिंग ओरडायला लागलं. बनवणारी कंपनी बेअरिंग तपासून दुसरं देते, पण फक्त बेअरिंग. ते बसवायला गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा, म्हणजे अर्धा दिवस दोन माणसं गुंतणार. ही दुसरी मजुरी कुणाची? आम्ही असं ठरवलंय: पार्ट आम्ही आणला असेल तर आमची, गिऱ्हाइकानं आणला असेल तर गिऱ्हाइकाची. पार्ट आम्ही छापील किमतीला लावतो त्यात मार्जिन असतं, आणि असले परतीचे खर्च त्याच मार्जिनमधून निघतात. "ऑनलाईन सहाशे रुपये स्वस्त मिळतो, तुम्ही फक्त लावून द्या" म्हणणाऱ्यांना हे आधीच सांगतो. लावून देतो, पण तो सहाशे रुपयांचा धोका तुमच्या खिशात राहतो. त्यांच्यासमोर खोका उघडून फिल्टरचं रबर, बेअरिंगवरचा नंबर आणि छपाई दाखवतो. पुसट छपाई आणि नंबर नसलेलं बेअरिंग दिसलं की बरेच जण खोका परत पाठवतात.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त वाद हेड गॅस्केटवरून, म्हणजे इंजिन आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगवरून. पारा ४२च्या पुढं, कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि भुसकट, आणि रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. त्यांचा थर नळ्यांत बसतो, पाणी फिरतं पण उष्णता सुटत नाही. गाडी गरम होते, ड्रायव्हर पाणी घालत घालत आणतो, आणि तोवर हेड वाकलेलं असतं. इथं खर्चाचा एकच आकडा सांगणारं गॅरेज हमखास फसतं. आम्ही दोन देतो, एक उघडण्याआधीचा आणि एक उघडल्यानंतरचा. आधी इंजिन गार करून कॅप, फॅन, थर्मोस्टॅट, वॉटर पंप बघायचा. कॅप उघडी ठेवून इंजिन चालू केल्यावर तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवरचं ऑईल चहासारखं दुधाळ असेल, तर हेड काढण्याची परवानगी घ्यायची. हेड निघाल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजायचं. साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर फेस मारायला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) पाठवायचं, सोबत चीर आहे का याची प्रेशर टेस्ट. ताणले जाणारे हेड बोल्ट असतील तर नवेच. त्यानंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आता दुसरा आकडा ठरतो, आणि त्यात रेडिएटर असतोच.

नेमका तोच गिऱ्हाइकाला नको असतो. "पुढच्या महिन्यात बघू." ठीक आहे, पण मग कार्डावर लिहिलं जातं की रेडिएटर न बदलल्यामुळं गाडी पुन्हा गरम झाली तर खर्च मालकाचा. रेडिएटर बदललेला असताना सहा महिन्यांत किंवा १०,००० किलोमीटरच्या आत गॅस्केट गळलं, तर मजुरी, गॅस्केट, ऑईल, कूलंट सगळं आमचं.

एसीचंही थोडं तसंच. नुसता गॅस भरून देणं सगळ्यात सोपं, आणि महिनाभरात तो गेला की भांडण ठरलेलं. लाईन व्हॅक्यूमवर अर्धा तास धरायची, काटा हलला म्हणजे गळती आहे. गळती न शोधता गॅस भरायचा आग्रह असेल तर त्या गॅसची हमी आम्ही देत नाही.

विम्याच्या कामात तिसरा पक्ष येतो आणि गिऱ्हाइकाचा समज बहुधा 'विमा आहे म्हणजे फुकट' असा असतो. विमा अपघाताच्या नुकसानीचा, झीज आणि मेकॅनिकल बिघाड त्यात नाहीत. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरवर ३०, काचेवर काही नाही. शिवाय १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यापुढं २,००० रुपये मालकाचे ठरलेलेच. सर्व्हेअर येईपर्यंत आम्ही पाना लावत नाही. दगडावर चेंबर फुटला तर चेंबर विम्यात बसतो. पण ऑईलचा दिवा पेटलेला असताना गाडी गावापर्यंत रेटली आणि इंजिन जाम झालं, तर ते इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही. २०२५च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात पाण्यात अडकलेल्या गाड्यांनाही हेच लागू होतं. पाण्यात बुडालेली गाडी सेल्फ मारून बघायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि ओढून आणायची. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कवच नसेल तर तो खर्च मालकाच्याच अंगावर येतो.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून टायरची विचारणा वाढली. टायर मालकाचे, पण चाक खोलल्यावर नट आवळणं आणि हवा तपासणं आमचं, तेवढं आम्ही बिलावर लिहून देतो. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवतो: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली असेल तर समृद्धीवर जाऊ नका असं तोंडी नाही, कार्डावर लिहून सांगतो.

गाडी आमच्या ताब्यात असताना जे होईल त्याला मात्र आम्ही बांधील. १८७२च्या करार कायद्याचं कलम १५१ म्हणतं की ताब्यातल्या वस्तूची काळजी शहाण्या माणसानं स्वतःच्या वस्तूची घ्यावी तशी घ्यायची. रात्री गॅरेजात उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर हार्नेस आमच्या खर्चानं. म्हणून मुक्कामी गाड्यांची बॉनेटं रात्री उघडी आणि वर दिवा चालू. हयगयीबद्दल ग्राहकाला दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं, तेव्हा कार्डं आणि फोटो आम्ही तेवढे दिवस तरी जपून ठेवतो.

उधारीचं काय? त्याच कायद्याचं कलम १७० आमच्या बाजूचं आहे: वेगळं काही ठरलं नसेल तर ज्या कामाची मजुरी थकली, त्या कामासाठी आलेली गाडी पैसे मिळेपर्यंत ठेवून घेता येते. पण तेवढ्याच कामापुरती. मागच्या वर्षीच्या बाकीसाठी आज ब्रेकच्या कामाला आलेली गाडी अडवायची सोय त्यात नाही. म्हणून जुनी बाकी आम्ही नवं कार्ड फाडायच्या आधी मागतो. काम होऊनही न्यायला कुणी आलं नाही तर पंधरा दिवसांनी लेखी कळवतो. त्यानंतरचं उभ्या गाडीचं भाडं कार्डावर छापलेलं आहे, आणि गाडी आत घेताना पोरगं ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवतं.