हे कोणी केलं?

शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहून द्या असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा कोणी गणिताच्या बाईंवर, कोणी गॅदरिंगवर लिहायचं ठरवलं, मी लगेच सांगून टाकलं की ड्रॉइंगच्या सरांवर मीच लिहिणार. खरं तर सरांपेक्षाही त्यांनी आम्हाला जो एक प्रश्न विचारायची सवय लावली त्याच्याबद्दल लिहायचंय. एखादी वस्तू समोर आली की लोक विचारतात हे काय आहे, कितीला घेतलं. सर विचारायचे, हे कोणी केलं असेल?

शाळेतून पुण्यातल्या बाजीराव रोडने चालत केळकर म्युझियमला जायचो आम्ही, रांगेत, हातात वही. बाकीच्या शाळांच्या सहली मस्तानी महाल बघून बाहेर पडायच्या, सर आम्हाला अडकित्त्यांसमोर बसवायचे. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात, मग कोणीतरी त्याला मोर का केला, घोडा का केला, राजाराणी का केली? पाय घासायच्या वज्र्या, फण्या, दौती, दिवे, सगळं घरातलं, रोजच्या वापरातलं, आणि प्रत्येकावर कोणाचा तरी जास्तीचा वेळ खर्च झालेला. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, हे गोळा केलं आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. २०,०००च्या आसपास वस्तू आहेत तिथे, आणि त्यातल्या जवळजवळ कुठल्याच वस्तूच्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत नाही. हे सरांना लागायचं. खरंच लागायचं, बोलताना आवाज बदलायचा त्यांचा.

कला म्हणजे काय याची व्याख्या आम्हाला कधी लिहून दिली नाही त्यांनी. पण आज मला विचाराल तर मी तो जास्तीचा वेळच सांगेन. काम भागलं तरी माणूस थांबत नाही, तिथून कला सुरू होते.

डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या उत्खननात सापडलेली भांडी आहेत. इनामगाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं, आपल्याच जिल्ह्यातलं. तीन हजारपेक्षा जास्त वर्षांपूर्वी तिथे शेतकरी राहत होते, जव पिकवत होते, पावसाची धास्ती तेव्हाही होतीच, आणि तरी लाल मडक्यावर काळ्या रंगाच्या रेघा, त्रिकोण, जाळीची नक्षी काढत होते. नक्षीने मडक्यातलं पाणी जास्त गार होत नाही. आणि पुढे हवा कोरडी होत गेली, दिवस वाईट आले तेव्हा तिथली चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या आणि भांडीही जाडीभरडी झाली. समाजाचं कसं चाललंय हे मडक्याच्या सफाईवरून कळतं, राजांच्या यादीवरून कळेलच असं नाही. तिथेच एका घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची बाईची मूर्ती आणि एक बैल सापडला, काडी खोचून मूर्ती बैलावर बसवता येईल अशी भोकंसुद्धा ठेवलेली. कोणाच्या तरी हाताने ते मोजूनमापून केलंय. मला शनिवारवाड्यापेक्षा ती डबी जास्त आपली वाटते, कोणाला पटो न पटो.

नववीत आम्ही लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याला गेलो होतो. एकवीरेच्या दर्शनाला आमच्यातले बरेच जण घरच्यांबरोबर जाऊन आले होते, पण शेजारच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध लेण्यातल्या प्रार्थनेच्या दालनात, कोणी नीट थांबलेलं नव्हतं. आत गेल्यावर वरच्या कमानी बघा म्हणाले सर, त्या लाकडाच्या आहेत, जुन्या, दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या. मग दाराशी घेऊन गेले. तिथे ब्राह्मीत कोरलंय की धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केलं. वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठने लेणं पुरं केल्याचंही कोरलंय, जंबुद्वीपात सगळ्यात उत्तम असं म्हणून, पैसे देणाऱ्याचं नाव असणारच. पण सुताराचं! बापाच्या नावासकट! आम्ही पंचेचाळीस पोरं त्या दारात गप्प उभी होतो आणि सर एवढंच म्हणाले की ज्या समाजाला सुताराचं नाव दगडात कोरावंसं वाटलं त्या समाजाने असं काम केलं यात नवल नाही. त्या एका दिवसाने मला इतिहास आवडायला लागला, पुस्तकाने नाही.

गंगाराम तांबट मात्र मला शाळा सोडल्यावर खूप वर्षांनी कळला, सरांना सांगायचं राहून गेलं. पेशवाईत, सवाई माधवरावांच्या काळात, इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, चार्ल्स मॅलेट पुण्यात होता, त्याच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवायची सोय झाली, जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार इथे येऊन राहिला आणि त्याच्या हाताखाली आपला गंगाराम काम करत होता. वेरूळची लेणी काढली त्याने, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला १७९०मध्ये, पर्वतीवर दक्षिणा घ्यायला जमलेली गर्दी काढली. ती चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. इथे त्याच्या नावाचा चौक सोडा, पुण्यात दहा लोकांना विचारा गंगाराम कोण, नऊ जण सांगणार नाहीत. आपण पेशव्यांची वंशावळ पाठ केली आणि त्यांच्या पुण्याचं चित्र काढणारा माणूस विसरलो.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून तांब्यावर मठारकाम चालतं. हातोड्याचे ठोके एकाशेजारी एक पडत जातात आणि त्यानेच भांड्याला चमक येते, आणि त्यानेच पत्रा कडकही होतो. शोभा आणि टिकाऊपणा एकाच ठोक्यात. चित्रकलेचा उपयोग काय असं मला कोणी विचारलं की मी त्यांना तांबट आळीत घेऊन जाते, वाद घालत बसत नाही.

मी स्वतः चित्रकार झाले नाही, एका लॅबमध्ये नोकरी करते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, स्मरणचित्राला घाम फुटायचा. पण दहावीत ड्रॉइंगचा तास काढून तो गणिताला दिला तेव्हा जे वाईट वाटलं ते आजही वाटतं, आणि आता तर कित्येक शाळांत चित्रकलेला पूर्णवेळ शिक्षकच नाही, आणि कोणाला त्याचं काही वाटतही नाही. सगळी मुलं चित्रकार व्हावीत म्हणून तो तास नसतो. दुसऱ्याने केलेल्या कामात किती मेहनत आहे हे ज्याने कधी स्वतः रंग कालवला नाही, रेघ ओढली नाही त्याला कळणं फार अवघड आहे, आणि ज्याला ते कळत नाही तो पुढे कारागिराशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, जुना वाडा पाडताना कोरीव खांब भंगारात देतो. हे आपल्या पेठांमध्ये डोळ्यांनी बघितलंय सगळ्यांनी.

सरांचं फलकलेखन आठवतं ना? शाळा भरायच्या आधी येऊन रंगीत खडूंनी काढायचे, टिळक पुण्यतिथी, विज्ञान दिन, पंढरीची वारी. दुसऱ्या प्रसंगाला पुसून टाकायचे, खाली सही कधी नाही. ग्रुपवर फोटो मागितले तर एकच निघाला, वर्गाच्या ग्रुप फोटोत मागे अर्धा फळा दिसतोय.

म्हणून समितीला एक विनंती आहे. हॉलमध्ये स्टेजच्या वरची सरस्वती, जिन्यातली भित्तिचित्रं, लायब्ररीच्या दारावरची अक्षरं, हे सगळं शाळेतल्या मुलामुलींनीच केलेलं आहे पण नाव कुठेच नाही. जिन्यातलं वारीचं चित्र आमच्या पुढच्या बॅचने केलं एवढं मला माहीत आहे. ज्यांना जे आठवतंय त्यांनी ऑफिसमध्ये कळवा, कोण रंग कालवत होतं, कोण शिडी धरून होतं तेसुद्धा, आणि समारंभाच्या आधी प्रत्येक चित्राखाली नावांची पाटी लावा. पाट्यांचा खर्च आमची बॅच करेल. पहिली पाटी फळ्याखाली, सरांच्या नावाची.