थोरली

तावेरेत ही प्राचीन इजिप्तमधली, गरोदर बायका आणि बाळंतिणींची राखण करणारी देवी; तिच्या नावाचा अर्थ ‘मोठी ती’. घरातल्या बोलीत सांगायचे तर ‘थोरली’. माझ्या टेबलावर तिची बोटभर उंचीची निळी मूर्ती आहे. ती कैरोच्या बाजारात पर्यटकांसाठी केलेली नक्कल असून तिचा उजवा कान प्रवासातच तुटला. नऊ वर्षांपूर्वी मावसबहिणीने ती पाठवली, तेव्हा मी सातव्या महिन्यात रक्तदाब वाढल्यामुळे अंथरुणाला खिळले होते. खरे सांगायचे तर मला तिची किळस आली. पाणघोडीचे डोके, सिंहाचे पंजे, पाठीवरून लोंबणारे मगरीचे शेपूट, स्त्रीचे ओघळलेले स्तन आणि दिवस भरलेले पोट! सुजलेल्या अंगाने आरशासमोर जाणेही मी ज्या दिवसांत टाळत होते, त्या दिवसांत ही बया उशाशी कोण ठेवील?

पडून राहण्याशिवाय काम नसल्याने तिच्याविषयी वाचत गेले. नाईलकाठच्या शेतकऱ्याला पाणघोडा हे गमतीचे जनावर नव्हते. रात्री काठावर चढून तो उभे पीक तुडवी, नावा उलटवी, आणि पिल्लू जवळ असलेल्या मादीच्या वाटेला तर कोणी जात नसे. बाळंतपणात आई आणि मूल दोघेही दगावण्याची धास्ती घरोघरी असताना त्या लोकांनी राखणीसाठी नेमकी हीच मादी निवडली, यात मला मोठी व्यवहारबुद्धी दिसते. तिचे पंजे बहुधा ‘सा’ या चिन्हावर टेकलेले असतात आणि ‘सा’ म्हणजे संरक्षण.

इ.स.पू. 1900 च्या आसपासच्या काळात पाणघोड्याचा सुळा उभा चिरून त्याच्या वाकड्या पट्ट्या करीत आणि त्यांवर सुरे घेतलेली पाणघोडी, सिंह, नाग असे राखणदार कोरीत. काहींवर आई आणि बाळाला दिवसा व रात्री संरक्षण देण्याचे शब्द आहेत. काही पट्ट्यांची टोके झिजलेली आहेत, त्यावरून निजलेल्या आई-बाळाभोवती जमिनीवर रेघ ओढण्यासाठी त्या वापरत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. हे वाचले त्याच आठवड्यात आजीने काही न बोलता माझ्या खाटेखाली विळा सरकवला होता. मी हसले, तेव्हा ती म्हणाली, “असू दे गं, लोखंड कुणाचं काय खातंय?”

अखेनातेन राजाने इ.स.पू. चौदाव्या शतकात आतेन या एकाच देवतेची उपासना लादली आणि आमुन या देवाचे नाव भिंतींवरून खरवडून काढायला लावले. तरीही त्याच्याच नव्या राजधानीत, अमार्ना येथे, सामान्यांच्या घरांत तावेरेतचे ताईत सापडले आहेत. मला त्या घरांतल्या बायकांचे फार कौतुक वाटते. राजाज्ञा देवळापर्यंत पोहोचली असेल, पण बाळंतिणीच्या खोलीत तिला कोण विचारतो?

मुलगी तेहतिसाव्या आठवड्यात झाली आणि एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. दर तीन तासांनी दूध काढून, बाटलीवर वेळ लिहून, ती परिचारिकेच्या हाती द्यायची, एवढेच माझे आईपण उरले होते. त्या काळात एका संग्रहालयातल्या भांड्याचे छायाचित्र पाहण्यात आले: मातीची तावेरेत, पोकळ, आणि स्तनाग्राच्या जागी दूध ओतण्यासाठी भोक. मी पाच-सात मिलिलिटर दुधाची बाटली हातात धरून त्या चित्राकडे बराच वेळ पाहत बसले. किळस केव्हा गेली, ते कळले नाही.

मी तिची पूजा करीत नाही. हळदकुंकू वाहावे असे तिच्यात काही नाही आणि ती माझी देवीही नाही. मात्र परवा मुलीने टेबल आवरताना तिला भिंतीकडे तोंड करून ठेवले, तेव्हा मी उठून तिचे तोंड पुन्हा दाराकडे केले.