काटा घेऊन या

आमच्या इमारतीत कुणी परदेशी निघालं की आदल्या रात्री, जेवणं आटोपल्यावर, आमच्या दाराची बेल वाजते. "काका, काटा घेऊन येता का?" मी बँकेतून निवृत्त झालेला पार्ल्याचा माणूस, विमानाशी माझा संबंध डोक्यावरून जाणाऱ्या आवाजापुरता. पण सामान आकड्याला अडकवून तोलायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा माझ्याकडे आहे, आणि कितीही कोंबलेल्या बॅगेची चेन हा माणूस लावून दाखवतो असा माझा लौकिक आहे. नात्यागोत्यातही तो पसरलाय. त्यामुळे दादर, मुलुंड, ठाणे असे दौरेही होतात.

पाहुणा म्हणून गेलं की लोकांचा हॉल दिसतो. बॅग भरायला गेलं की घर दिसतं. पलंगावर आ वासलेली बॅग, भोवती उभी माणसं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी आणि प्रत्येकाचं म्हणणं, "हे तर गेलंच पाहिजे." एरवी कोण किती जवळचं हे आपण तोंडाने बोलत नाही. लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली काका, मामा, आत्या झाडून सगळे मावतात. बॅगेत मावत नाहीत. तिथे सासूबाईंची भाजणी की आईचं मेतकूट असा रोकडा सवाल येतो आणि उत्तर ग्रॅममध्ये द्यावं लागतं.

वजनाची मर्यादा बहुतेकांची २३ किलो, म्हणजे जवळजवळ ५० पौंड. अमेरिकेला जाणाऱ्याला बऱ्याचदा अशा दोन बॅगा मिळतात. आखाताचं आणि युरोपचं गणित तिकिटागणिक बदलतं. एका बॅगेत ३२ किलोंच्या वर मात्र पैसे मोजायची तयारी असली तरी सहसा घेत नाहीत, कारण ती शेवटी माणसालाच उचलायची असते. कुणाच्या तरी पाठीची काळजी करणारा हा नियम मला फार आवडतो. बॅग भरली जात असताना तो त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच आवडत नाही.

काटे स्वस्त होण्याआधी लोक बाथरूमच्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहायचे, मग बॅग उचलून उभे राहायचे आणि वजाबाकी करायचे. बॅग पोटाशी धरल्यावर पायाखालचा आकडा दिसत नसे, म्हणून वाचायला एक मूल जमिनीवर आडवं. एका घरी तर रद्दीवाल्याला वर बोलावून त्याच्या काट्यावर बॅग तोलली होती. त्याने वजन सांगितलं आणि सवयीने लगेच दरही सांगितला.

सत्तरच्या आसपास शिकायला निघालेल्या मुलांना परकीय चलन म्हणून जेमतेम आठ डॉलर नेता येत. सांताक्रूझला गळ्यात हार, हातात नारळ आणि खिशात आठ डॉलर. तेव्हा बॅगेतलं मेतकूट आणि पोह्याचे पापड हे पहिल्या महिन्याचं जेवण असायचं. आता न्यू जर्सी काय, डॅलस काय, भारतीय दुकानात कोकमापासून कुळथाच्या पिठापर्यंत सगळं रांगेत मांडलेलं असतं. "आई, इथे सगळं मिळतं गं," हे वाक्य मी स्पीकरवर असंख्य वेळा ऐकलंय. आई मान डोलावते, हात चालूच. "मिळत असेल. आणून करून खाणार आहेस का पण?" यावर पलीकडे शांतता. मेतकूट आत जातं.

खरा त्रास घरच्यांचा नसतो. तो असतो 'अगदी छोटंसं पाकीट' घेऊन येणाऱ्यांचा. निघायच्या दिवशी संध्याकाळी ही मंडळी उगवतात. पाकीट खरोखरच लहान असतं, पण हातात घेतलं की हात खाली जातो. आत चकल्या, चकल्यांच्या तळाशी लोणच्याची बाटली, बाटलीभोवती गुंडाळलेला पंचा. "आमचा मुलगा येऊन घेऊन जाईल हो, तुम्हाला काही त्रास नाही." मुलगा राहतो विमानतळापासून चार तासांवर. आणि त्यालाही ते नको असतं.

या बाबतीत मी कडक आहे. दुसऱ्याचं पाकीट उघडून बघितल्याशिवाय बॅगेत ठेवू देत नाही, मग आणणारा कुणीही असो. काउंटरवर विचारतात, बॅग तुम्हीच भरली का, दुसऱ्या कुणी काही दिलंय का. तिथे 'नाही' म्हणायचं तर आत काय आहे ते निदान माहीत तरी हवं. (बॅग मीच भरलेली असते हे सोडा.) यावरून आमच्या समोरच्या बिऱ्हाडाशी आमचं वर्षभर नुसतं लिफ्टपुरतं बोलणं होतं. कापडात शिवलेला डबा मी उसवला, हा त्यांना अविश्वास वाटला. मला तो अजूनही साधा व्यवहार वाटतो.

काय न्यायचं नाही याची यादी मला पाठ आहे आणि ती वाचली की घरात सुतक पडतं. सुक्या खोबऱ्याची वाटी चालत नाही. खोबऱ्यात तेल भरपूर, साठवणीत ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या लेखी तो धोकादायक माल. कापूर तर झटकन पेटणारा, म्हणून तोही बाहेर. पूजेच्या पिशवीतून तो काढताना आजीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. हापूसचं विचारूच नका. अमेरिकेने बरीच वर्षं बंद ठेवलेली दारं हापूसला २००७ मध्ये उघडली, तीही लासलगावच्या केंद्रात विकिरण (कीड मारायला किरणांचा मारा) करून, पेटीवर शिक्के मारून. बाबांनी पंच्यात गुंडाळलेले चार आंबे या वाटेने जात नाहीत. तिकडे सामानाच्या पट्ट्याशी बीगल जातीची कुत्री हुंगत फिरतात आणि त्यांना हापूस अचूक कळतो. निदान तेवढ्याबाबत तरी ती कोकणातली.

सगळ्यात नाजूक मामला अनारशांचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा दुबईला. काकूंचे अनारसे म्हणजे तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गुळात मळून मुरवलेले. खसखशीवर थापायचे, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचे, उलटायचे नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवत जाळी पाडायची. डबा भरून तयार होता. आणि मला सांगावं लागलं की अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात, चिमूटभर सापडली तरी मुलाला तुरुंग दिसू शकतो. सिंगापूरलाही तेच. काकूंना आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि चमच्याच्या टोकाने एका अनारशावरची खसखस खरवडून बघायला लागल्या. अर्धी निघाली, अर्धी तुपात बसली होती. तो डबा मग इमारतीत वाटला गेला. माझ्या वाट्याला आलेले दोन मी खाल्ले, अपराधी वाटून घेत, पण खाल्ले. पुढच्या दिवाळीत त्यांनी रव्यावर थापून पाहिले. दिसायला जमले. चवीबद्दल मुलाने फोनवर "मस्त" एवढंच म्हटलं आणि काकूंना काय समजायचं ते समजलं.

ताईच्या बॅगेची गोष्ट मात्र वेगळी होती. माझी भाची डॅलसला, तिचं पहिलं बाळंतपण, आणि ताई दादरहून निघालेली. बाळंतपणाची बॅग म्हणजे सर्वांत कठीण पेपर. जुन्या सुती साड्यांची दुपटी, झबली, टोपडी, बाळंतशोपा, वावडिंग, वेखंड, सहाण. हो, दगडाची सहाण. "मिक्सरमध्ये वेखंड उगाळतात का?" असं ताईने विचारल्यावर मी ती मुकाट्याने तोलली. आणि डिंकाचे लाडू. ताईने स्वतः केलेले, मेथी घातलेले, स्टीलच्या डब्यात.

रात्री साडेनऊला ठाण्याहून विहीणबाई आल्या. त्यांच्या हातातही स्टीलचा डबा. त्यातही डिंकाचे लाडूच.

दोघी एकमेकींशी फार छान वागतात. "अहो, कशाला एवढा त्रास घेतलात," ताई म्हणाली. "त्रास कसला, सून आहे माझी," त्या म्हणाल्या. मी काटा अडकवून बॅग उचलली. २५.२. दुसरी बॅग आधीच काठोकाठ. खोलीतल्या कुणीच लाडू हा शब्द उच्चारला नाही. ताईने आपली एक साडी काढली. विहीणबाई म्हणाल्या, राहू द्या हो साडी, आमचं राहू दे. त्यांच्या आवाजावरूनच कळलं की ते राहू द्यायचं नाही. मेव्हण्यांनी सहाण काढायचा प्रस्ताव मांडला आणि तो एकमताने फेटाळला गेला. दोघींचं त्या रात्री खरं एकमत झालं ते तेवढ्यावरच.

शेवटी मी डबे काढायला सांगितले, लाडू नव्हे. रिकामे दोन डबे तोलले तर ते दोघे मिळून किलोच्या वर निघाले. लाडू प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत ओतले, दोन्हींचे एकाच पिशवीत, हवा काढून, दुपट्यांच्या मधोमध. साडीही बाहेरच राहिली. २३.१. वरचे शंभर ग्रॅम काउंटरवरच्या माणसाच्या स्वभावावर सोडायचे असतात.

विमानतळावरही माझं काम संपत नाही. आत प्रवाशाशिवाय कुणाला सोडत नाहीत, म्हणून बाकीचे रेलिंगपाशी उभे. रात्रीचा एक. आमच्यासारखी इतर कुटुंबंही तिथेच, हातात रिकाम्या कापडी पिशव्या घेऊन. नवख्या माणसाला वाटेल निरोप द्यायला थांबलेत. निरोप केव्हाच झालेला असतो. वजन जास्त भरलं तर आतून दारापर्यंत काय परत येईल ते घ्यायला थांबलेले असतात. काचेतून दिसतं, काउंटरजवळ फरशीवर बॅगा उघडून बसलेली माणसं, मसाल्याचे पुडे या बॅगेतून त्या बॅगेत, कुणीतरी अंगात दुसरा स्वेटर चढवतंय. मे महिना. मग फोन वाजतो. "गेली?" "गेली." आणि सगळे एकदम जांभया देत रिक्षा शोधायला लागतात.

पंधरवड्याने ताईचा फोन. बाळबाळंतीण ठीक. मग इकडचं तिकडचं. मग म्हणाली, "अरे, काल ठाण्याहून व्हिडिओ कॉल आला होता. विचारत होत्या, लाडू कसे झालेत. ही बया म्हणाली, मस्त, फक्त मध्येच एखादा कडू निघतो, तो मी ह्याला देते." मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? "काय म्हणणार? म्हटलं, डिंक जरा जास्त तळला गेला असेल."

मेथीचं नाव तिने काढलं नाही. विहीणबाईंनीही काढलं नाही म्हणे, पण त्या हसल्या.

तिकडे पर्यटक म्हणून गेलेल्या आईवडिलांना साधारण सहा महिने राहता येतं, त्यामुळे आपल्याकडे आज्यांची पाळी ठरलेली असते: एकीचं विमान इकडे उतरायचं आणि दुसरीचं सुटायचं. ताई परतली. येताना बदाम, अक्रोड, चॉकलेटं आणली. त्यांच्या वाटपात कुणाला बदाम आणि कुणाला नुसतं चॉकलेट यावर पुन्हा सगळी वंशावळ नव्याने मांडली गेली, ते सोडतो. मागच्या आठवड्यात मला ठाण्याहून फोन आला. "भाऊ, तुमचा काटा घेऊन याल का?"

गेलो. पलंगावर बॅग, भोवती नाचणीसत्त्व, उष्टावणाची चांदीची वाटी, लोकरीचे मोजे. बॅग पद्धतशीर भरलेली, माझ्या सल्ल्याशिवाय डबे वगैरे आधीच रद्द केलेले. मी उचलून बघितली. २४.४. विहीणबाई म्हणाल्या, "माझं सगळं मोजून २३च्या आत होतं हो. पण दुपारी ताई येऊन गेल्या." आणि त्यांनी कोपऱ्यातलं पाकीट दाखवलं. "अगदी छोटंसंच आहे म्हणाल्या."

नियमाप्रमाणे मी ते उघडलं. लाडू. मी एकाचा कण तोडून जिभेवर ठेवला. मेथी नव्हती.

"आता तुम्हीच सांगा, काय काढू," विहीणबाई म्हणाल्या, आणि हाताची घडी घालून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा मुलगा तिकडे, माझी भाची तिकडे, बहीण दादरला आणि मी ठाण्यात हातात काटा घेऊन उभा.

मी म्हटलं, आधी चहा टाका.